उलट्या टांगलेल्या स्फटिकाची सकाळ

त्या सकाळी घरात सगळे कुजबुजत होते. मिक्सरला रजा होती. कुकरही खाली उतरवला होता, भात पातेल्यात रटरटत होता.

"शिटीनं काय होणार आहे?" दादाने ओठ न हलवता विचारलं.

"होऊ नये म्हणूनच," वहिनी म्हणाली.

आणि नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली. थाप कसली, धडाकाच! दोघं जागच्या जागी थिजले. आधी एकमेकांकडे आणि मग कोठीच्या खोलीच्या बंद दाराकडे बघू लागले.

दारात सुतार उभा होता. गेला उन्हाळाभर "निघालोच बाई" म्हणत न निघालेला. त्याने हत्यारांची पिशवी धाडकन खाली टाकली.

"अहो, हळू!"

"हत्यारं आहेत बाई, अंडी नाहीत. कोठीत फळ्या मारायच्यात ना? आज मारून टाकू. उद्यापासून मोठं काम धरलंय, मग मी काही सापडायचो नाही."

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. या फळ्यांसाठी तिने किती विनवण्या केल्या होत्या! डाळी पलंगाखाली होत्या, पीठ टेबलाखाली, आणि साखरेचा डबा दादाच्या पुस्तकांत जाऊन बसला होता. पण कोठीत आत्ता तिच्या नणंदेची बरणी होती.

नणंद म्हणजे दादाची धाकटी बहीण. संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, आणि घरात 'चालेल'. हे नाव दादानेच ठेवलेलं. खिडकीची खोली दादाला? चालेल. पोळी करपली? चालेल. मागून नोकरीला लागलेले पुढे जाऊन बसले, तरी हिचं आपलं चालेल! लहानपणापासून ती कोऱ्या चहात साखर घाली आणि ढवळत नसे. काचेच्या पेल्याला डोळा लावून बसे. तळाशी विरघळणाऱ्या साखरेच्या लाटा बघता बघता चहाचं पार पाणी होई.

तेच वेड पुढे पोटापाण्याचं काम झालं. दाट द्रावणात स्फटिकाचा खडा सोडला की तो भोवतालच्या पाण्यातला क्षार ओढून घेत वाढतो. क्षार गेलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, त्याच्या जागी दुसरं येतं, आणि न ढवळताच बरणीत ढवळाढवळ सुरू होते. तिचं म्हणणं असं, की स्फटिकात पुसट रेघा उमटतात त्या या प्रवाहाने. साहेब म्हणत, "छे, तुमचा मालच अस्वच्छ." मग तिने खडा झाकणाला आतून चिकटवला, खाली तोंड करून. आता हलकं झालेलं पाणी वरच्या वर राहणार, जाणार कुठे? हा स्फटिक बिनरेघेचा निघाला तर तिचं खरं. नाही तर साहेब हे काम बंद करून तिला दुसरीकडे बसवणार, हे ठरलेलंच होतं.

संस्थेत पलीकडेच पंप धडधडे, हादऱ्याने पाणी हले, म्हणून बरणी घरी आली. पहिली दादाच्या दोरीवरच्या उड्यांनी वाया गेली. तेव्हाही ती "चालेल" म्हणाली, पण रात्री जेवली नाही. ते वहिनीने पाहिलं होतं.

काल संध्याकाळी तिने वहिनीला कोठीत नेऊन बरणीमागे दिवा धरला होता. खडा तळाशी असलेल्या जुन्या बरणीत तापल्या रस्त्यावर हवा थरथरते तसे धागे वर चढत होते. या बरणीत काही म्हणजे काहीच हलत नव्हतं.

"काहीच दिसत नाही गं," वहिनी म्हणाली होती.

"तेच तर बघायचंय!" आणि ती लहान मुलीसारखी हसली होती. आजचा दिवस गेला की उद्या संध्याकाळी खडा बाहेर काढायचा होता.

"बाई, कुठल्या भिंतीला?" सुताराने पिशवीतून हातोडा काढला.

"बाहेरच्या खोलीत मारू या का फळ्या?" दादाने घाईघाईने सुचवलं.

"आणि पाहुण्यांना काय डाळींचे डबे दाखवू?" वहिनी वैतागली. एकीकडे फळ्या, एकीकडे ती बरणी. सुतार गेला तर पुन्हा कधी उगवेल कोण जाणे.

तेवढ्यात नणंद बाहेर आली. केस विस्कटलेले, तोंडात दात घासायचा ब्रश. तिने सुताराकडे पाहिलं, हातोड्याकडे पाहिलं. दादाने मान खाली घातली. आता ही काय म्हणणार ते त्याला पाठ होतं. वहिनीलाही. तिने तर मनातल्या मनात डबे उचलायलाही घेतले होते.

नणंदेने ब्रश तोंडातून काढला.

"नाही चालणार," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज ऐकून जरा दचकली, आणि मग वहिनीकडे वळली.

"वहिनी, उद्या संध्याकाळपर्यंत त्या भिंतीला हात लावू देऊ नकोस."