पाष्ट्यांचा साखर उतारा

उत्तम पाष्ट्यांनी आयुष्यात बियर चाखली नव्हती आणि चाखायची इच्छाही नव्हती. तरी दोन हजार सात साली मिरा रोडच्या आपल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात त्यांनी बियर करायला घेतली. त्याला कारण झाले ओट्स.

पाष्टे खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यात होते. त्यांचं काम एकच, आत गेलेल्या मालातून बाहेर किती आलं, म्हणजे उतारा किती पडला, ते बघायचं. टाकीच्या कडेला चिकटलेलं सिरपही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मग कारखाना गुजरातला गेला, पाष्ट्यांनी व्हीआरएस घेतली, आणि नजर ठेवायला उरलं ते बायकोचं, हंसाबाईंचं, स्वयंपाकघर. नारळाचं दूध पुरतं निघालंय का, पिळलेल्या लिंबात अजून काही आहे का, हे ते ओट्याशी उभे राहून बघत. एकदा त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून आंब्याची बाठ उचलली आणि तिच्यातून आणखी चमचाभर रस काढून दाखवला. तेव्हा हंसाबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही कुठेतरी जात जा. कुठेही."

त्याच सुमारास डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी ओट्स सांगितले. हंसाबाईंनी मॉलमधून एकावर एक फ्री असलेली पाकिटं पिशव्या भरून आणली. पाष्ट्यांनी एक वाटी खाल्ली, "ही पोस्टर चिकटवायची खळ आहे," असा निर्वाळा दिला आणि पाकिटं कपाटात गेली.

ती पाकिटं पाहिली रोशनने. रोशन हा कारखान्यातला जुना सहकारी, राहायला समुद्राकडच्या डोंगरी गावात. त्याच्या घरी नाताळात वाईन होई आणि हौस म्हणून अधूनमधून बियरही.

"ओट्स नि गहू घालून बियर एकदम मऊ होते," चहा पिता पिता तो म्हणाला. "पण कटकट हाय. त्यातली साखर नीट निघत न्हाय. निम्मी चोथ्यातच राहते."

पाष्ट्यांनी कप खाली ठेवला. "निम्मी? आणि चोथा कुठे जातो?"

"डुकरांना घालतो."

त्या निम्म्या साखरेने पाष्ट्यांच्या मनात घर केलं. कुणाच्या तरी डोळ्यांदेखत निम्मा माल डुकरं खातात आणि तो माणूस आरामात बिस्कीट बुडवतोय, हे त्यांना सहन होईना.

कृती रोशनने समजावली होती. सातूला मोड आणून वाळवायचे, भरडायचे, गहू आणि ओट्स मिसळून हे सगळं गरम पाण्यात झाकून ठेवायचं. त्या उबेत धान्यातल्या पिठाची साखर होते. मग ते गोड पाणी गाळून, उकळून, गार करून त्यात यीस्ट घातलं की पुढे बियर. पाष्ट्यांनी पुढचं फारसं ऐकलंच नाही. त्यांचा जीव गोड पाण्यातच अडकला होता.

गच्चीवर सातूला मोड आले. "मोड आले की उसळ करतात," हंसाबाई म्हणाल्या, पण पाष्ट्यांनी ते वाळवून गिरणीत नेले.

"पीठ की रवा?" गिरणीवाल्याने विचारलं.

"दाणा फुटला पाहिजे, पण साल फाटायला नको."

"अंकल, ये चक्की है, ऑपरेशन थिएटर नहीं," गिरणीवाला म्हणाला आणि त्याने सरळ भरडून दिलं.

पाण्याची ऊब टिकून राहावी म्हणून रोशनने पालीच्या किनाऱ्यावरच्या एका नातेवाइकाकडून मासळीचा बर्फाचा डबा आणून दिला. त्याला खाली तोटी बसवली, आत चाळण ठेवली. पहिल्या वेळी पाष्ट्यांनी तोटी उघडली तर थेंबही आला नाही. ओट्स आणि गव्हाला सातूसारखी जाड साल नसते, त्यामुळे सगळ्याचा मिळून एक लगदा झाला होता आणि तो चाळणीवर बसला होता. पाष्ट्यांनी डबा हलवला, थोपटला, शेवटी तोटीला तोंड लावून जोरात फुंकर मारली. आतून ढेकर दिल्यासारखा आवाज आला आणि लगदा त्यांच्या चष्म्यावर आला. त्याला बोंबलाचा वास होता.

"तूस घाल," रोशन फोनवर म्हणाला. "भाताचं तूस. त्याने वाट मोकळी राहते."

पाष्टे रिक्षाने जवळच्या चेणे गावात गेले. तिथल्या भाताच्या गिरणीत काशीनाथ नावाचा म्हातारा बसला होता.

"कोंबड्या हायती का?" त्याने विचारलं.

"नाही."

"वीटभट्टी हाय?"

"नाही. ओट्स आहेत."

काशीनाथने गोणीभर तूस भरून दिलं आणि दोन वेळा म्हणाला की घरी कुणी असेल तर त्यांना न्यायला बोलावून घ्या.

तुसाने तोटी वाहती झाली. चिकटपणा मोडायला ओट्स आधी कोमट पाण्यात ठेवायचे आणि मग पाणी तापवत न्यायचं, हेही पाष्ट्यांना जमलं. पीठ उरलंय का हे बघायला ते थेंबभर आयोडीन टाकत. निळंकाळं झालं की डब्यावर आणखी एक गोधडी चढे. राहिली साखर मोजायची. त्यासाठीचं परदेशी यंत्र मिळेना, म्हणून त्यांनी दूध तपासायची काचेची नळी आणली. साखर जास्त तितकी नळी वर तरंगते.

ती नळी हातात घेऊन ते सकाळी दार उघडायला गेले तर समोर शिवा दूधवाला. शिवाने नळी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"साब, हमसे कोई गलती हुई क्या?"

"अभी देखना है, कितना निकलता है," पाष्टे आपल्याच तंद्रीत म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या इमारतीत दुधावर जाड साय धरू लागली. सोसायटीच्या सभेत पाष्ट्यांच्या निःस्वार्थ लढ्याबद्दल अभिनंदनाचा ठराव झाला. टाळ्या वाजत असताना पाष्टे शेजारच्या माणसाला विचारत होते, उरलेली साखर धुऊन काढायला चोथ्यावरून गरम पाणी एकदम ओतावं की हळूहळू.

हळूहळू, असं पुढे सिद्ध झालं. श्रावणात एके दुपारी नळी इतकी वर आली की रोशनने स्वतः वाकून पाहिली. त्याच्या हिशेबाने ऐंशी टक्के साखर बाहेर आली होती. पाष्टे खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे पुसले. कारखान्यातल्या कुठल्याच उताऱ्याने त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

रोशनने ते पाणी कडवटपणासाठी काडेचिराईत घालून उकळलं, बादलीत भरलं, गार झाल्यावर यीस्ट टाकलं आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी पाष्ट्यांनी सहज नळी सोडली. ती बरीच खाली गेली. त्यांनी लगेच फोन लावला.

"रोशन, साखर जातेय. बादली गळत नाही, मी खाली वर्तमानपत्र घालून बघितलं."

"यीस्ट खातंय ती. ते साखर खातं, मग दारू होते."

पाष्ट्यांनी बादलीकडे पाहिलं. "सगळी खाणार?"

"बरीचशी."

"मग मी काढली कशाला?"

पाष्ट्यांनी फोन ठेवला, फ्रिजमधल्या भाज्या, दूध, कणीक सगळं बाहेर काढलं आणि उरलेली साखर वाचवायला बादली आत ढकलली. थंडीने यीस्ट झोपतं, एवढं त्यांना माहीत होतं. मग ते फ्रिजच्या दाराला पाठ लावून फरशीवर बसून राहिले. डुकरांच्या तोंडचं काढून त्यांनी ते कुणा भलत्याच्याच पानात वाढलं होतं.

हंसाबाई देवळातून आल्या. कोमेजत चाललेली मेथी पाहिली, नवरा पाहिला. त्यांनी त्याला बाजूला सरकवलं, बादली बाहेर ओढली आणि एक पेलाभर काढून नाकाशी नेलं. वास घेतला. एक घोट घेतला, मग दुसरा. ते अर्धवट आंबलेलं पाणी गढूळ होतं, किंचित कडू, बरंचसं गोड.

"अहो, हे चांगलं लागतंय," त्या म्हणाल्या.

"पण साखर..."

"बसा गप्प," हंसाबाई म्हणाल्या आणि पेला पुन्हा भरून मेथी निवडायला बसल्या.