सतरा नंबरचं जनुक

शशीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जाळीघरात मोहरीची पानं तोडत होते. त्यांच्या पुतण्याचं बोलणं ऐकून घेतलं, उरलेली पानं तोडून द्रव नायट्रोजनमध्ये टाकली आणि मग निघाले. अर्धवट सोडलेली तोडणी वाया जाते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

जबलपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या तंत्रज्ञ होत्या. ज्या जनुकाचं काम कोणालाच ठाऊक नाही, ते बंद केलेलं रोप आम्ही वाढवतो. त्याच्या आणि साध्या रोपाच्या पानांतली रसायनं यंत्रावर मोजतो. जे कमीजास्त झालं, त्यावरून ते जनुक काय करत असावं हे कळतं.

सतरा नंबरचं जनुक बंद केलं आणि पानातली साखर चांगलीच वाढलेली दिसली. मी तेव्हा कंत्राटावर होते. त्यावर लेख लिहून पाठवला होता; तो छापून आला असता तर नोकरी कायम होण्याची आशा होती. ताईंनी तोडणीच्या वेळा विचारल्या. साधी रोपं आधी, बदललेली नंतर, मध्ये चहा आणि गप्पांत गेलेला तासभर...

"चहा तू पेली, वर्षा. तेवढ्या वेळात ऊन पानांनी खाल्लं ना."

तासाभराने काय होतं, असं मी जरा तोडूनच म्हटलं.

"मग काहून घाबरून राहिली? उद्या पुन्हा तोडू."

दुसऱ्या दिवशी दोघी समोरासमोर बसलो. एक पान साधं, एक बदललेलं, एकाच क्षणी. साखर दोन्हींत सारखीच निघाली. लेख मी मागे घेतला आणि ताईंशी कित्येक महिने कामापुरतंच बोलले. त्या मात्र जवळच्या पनागर गावचे मटार आणले की निम्मे माझ्या टेबलावर ठेवायच्या. आधी खा, मग रुस, म्हणायच्या. नोकरी कायम झाली, पण चार वर्षं उशिरा.

मागच्या आठवड्यात त्यांचं कपाट आवरताना वरिष्ठांकडे जाणारी नोंदवही हाती आली. सतरा नंबरपुढे त्यांच्या अक्षरात होतं: 'काम माहीत नाही. तोडणीचा क्रम चुकला. चूक: शशी.'

क्रम मी ठरवला होता. त्या पहिल्या तोडणीच्या दिवशी ताई रजेवर होत्या.

मी पेन काढलं, त्यांच्या नावावर रेघ मारली आणि माझं लिहिलं. बाकीची नोंद बरोबर आहे.