फलाटावरची सीतादही

आमची बैलांची बंडी दारव्ह्याच्या स्टेशनाकडे वळली तेव्हा सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते. आता रडेल, मग रडेल. मी कुठली रडते! मला नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मॅट्रिक पास झालेली आमच्या गावातली पहिली मुलगी, नवं कोरं गोल पातळ, लोखंडी पेटी, आणि पुढे यवतमाळचं कॉलेज. महाराष्ट्र होऊन एकच वर्ष झालं होतं आणि मला तर वाटत होतं की तो माझ्यासाठीच झालाय.

"सासरी जाताना पोट्टी कशी हंबरडा फोडते," काकू मायला म्हणाली, "अन् हे पाय, दात काढून राह्यली!"

मायनं फक्त माझ्या पदराला गाठ मारून त्यात सुपारी बांधली आणि म्हणाली, "वेचणीले येजो." बस, एवढंच. बाबांनी पेटी गाडीत चढवली. आमची ती छोट्या रुळांची गाडी हलली, आणि इतक्या सावकाश हलली, की बाबा पुलापर्यंत खिडकीशी बोलत बोलत आले आणि त्यांना धापसुद्धा लागली नाही.

कमल, हे सगळं तुला लिहितेय कारण त्याच उन्हाळ्यात तूही घर सोडलंस. आपण पहिलीपासून एका पाटीवर लिहिलं, आणि मॅट्रिकच्या वर्षी तू लग्न होऊन मुकुटबनला गेलीस, मी यवतमाळला. तू रडलीस ते मी पाहिलं होतं. परवा तुझं पत्र आलं, "सिंधू, तुले घरची आठवण येते की नाई?" अगं, येते ना! पण कशी येते ते सांगायला एका कार्डात जागा पुरत नाही. आज दुपारचे दोन्ही पिरियड ऑफ आहेत, म्हणून वही फाडून बसले.

आधी इथलं सांगते. मी राहते मायच्या मामेबहिणीकडे, म्हणजे मावशीकडे. घरात विजेचा दिवा आहे. पहिल्या दिवशी मी तो सात वेळा लावला आणि सात वेळा बंद केला, शेवटी मावशीनं हात धरला. कॉलेजात आम्ही मुली सगळ्या मिळून अकरा. आम्हाला बसायला लेडीज रूम आहे. तास सुरू व्हायच्या वेळी प्राध्यापक दाराशी येऊन खाकरतात, मग आम्ही ओळीनं त्यांच्या मागे वर्गात शिरायचं, आणि तास संपला की पुन्हा त्यांच्याच मागे बाहेर. आमच्या घरी कोंबडी आपली पिल्लं अशीच फिरवते. सुरुवातीला मान वर होत नव्हती. आता मी लायब्ररीत एकटी जाते, कपाटातलं पुस्तक स्वतः मागते, आणि रविवारी मैत्रिणींबरोबर चालत चालत लोहाऱ्यापर्यंत जाऊन सीताफळं खाऊन येते. बोलणंही बदललं बघ. वर्गात "मला वाटतं सर", आणि मावशीच्या घरात पाय ठेवला की "मले भूक लागली." दोन्ही माझंच आहे, त्याची मला आता लाज नाही. पहिल्या वर्षी होती.

आणि दर बाजारच्या दिवशी माझी टोपली येते. बाबा दारव्ह्याच्या बाजाराला जातात, ती टोपली गाडीच्या गार्डच्या हवाली करतात, आणि मी यवतमाळच्या स्टेशनावर ती उतरवून घेते. गार्ड दारव्ह्याचेच, मुसलमान, पांढऱ्या दाढीचे. सगळी पोरं त्यांना गार्डचाचा म्हणतात. आमच्यासारख्या किती पोरांच्या टोपल्या ते आणतात, मोजदाद नाही. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, मिरचीचा ठेचा. मायला लिहिता येत नाही, पण टोपली उघडली की घरात काय चाललंय ते मला कळतं. कढीपत्ता आला की समजायचं विहिरीला पाणी चांगलं आहे. लाडू आले की कुणीतरी पाहुणे येऊन गेले.

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच वर्षीची आहे, आणि तुला ती कुणी सांगितली नसणार.

तुला आमची सीतादही ठाऊक आहे. कापूस फुटला की पहिल्या वेचणीच्या सकाळी वावरातल्या पहिल्या तासाच्या ओळीतल्या पहिल्या पऱ्हाटीपाशी पाच खडे मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं, दही-भात ठेवायचा, आणि घरातल्या एका हातानं पहिली पाच बोंडं वेचायची. ते झाल्याशिवाय बाकी कुणी कापसाच्या झाडाला हात लावायचा नाही. आमच्याकडे तो हात माझा. मी सहा वर्षांची असताना हट्टानं पुढे होऊन वेचलं, त्या साली कापूस असा झाला की ओसरीत झोपायला जागा उरली नाही. तेव्हापासून माय दुसऱ्या कुणाला पुढे होऊ देत नाही.

त्या साली पाऊस मागे राहिला. दसऱ्याच्या सुट्टीत मी मोठ्या हौसेनं घरी गेलते, तर बोंडं सगळी मिटलेली! हात हलवत परत आले. मग सहामाही परीक्षा सुरू झाली, आणि पहिला पेपर देऊन घरी येते तर बाबांचं कार्ड. "कापूस फुटला. ये."

अजून पाच पेपर बाकी, रोज एक. आमची गाडी दिवसातून एकदा येते, एकदा जाते. गेलं तर दोन पेपर बुडणार, म्हणजे वर्षच बुडालं. आणि नाही गेलं तर? शेजारच्या वावरांत वेचणी लागली होती. ढगं येऊन जात होती. फुटलेल्या कापसावर पाणी पडलं की तो डागी होतो, मग त्याला कोण विचारतं! मी त्याच बैठकीत उत्तर लिहिलं. "मी येऊ शकत नाही. माझी वाट पाहू नका. काकूच्या सुमनच्या हातानं करून घ्या." मोठ्या शहाणपणानं लिहिलं, पेटीत टाकलं, आणि तिथंच रस्त्यात रडायला लागले. स्टेशनावर आलं नाही ते रडणं तिथं आलं, पोस्टाच्या लाल पेटीसमोर. कारण मला पक्कं कळत होतं, की तो हात एकदा दुसऱ्याचा झाला की झाला. मग मी त्या घरची कोण? सुट्टीत येणारी पाहुणी. जिला लाडू करून खाऊ घालावेत अशी.

तिकडे काय झालं ते मला नंतर समजलं. बाबांनी पत्र मोठ्यानं वाचलं. काकू म्हणाली, "बरोबर लिवलं पोट्टीनं. जे घरी नाई त्याचा हात कसा घरचा? सुमन हाये ना, तिले करू द्या." यात तिचं काही वाकडं नव्हतं, रीत म्हणून ती खरंच बोलत होती. माय म्हणे चूल फुंकत होती. फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "हात येत नाई, तर पऱ्हाटी जाईन."

मला यातलं काही माहीत नाही! बाजारचा दिवस आला. त्या दिवशी अकराला इंग्रजीचा पेपर. गाडी साडेनऊला येते, टोपली घ्यायची आणि तशीच कॉलेजात पळायची, असं ठरवून मी स्टेशनावर गेले. गाडी आली, तीही सव्वा तास उशिरा. गार्डचाचा डब्यातूनच ओरडले, "अरे बेटी, जल्दी आ! तेरे बाबा ने आज पूरा खेतच भेज दिया!"

त्यांच्या हातात टोपली नव्हती. ओल्या पोत्यात मातीचा गड्डा, आणि त्यातून वर आलेली कंबरेएवढी पऱ्हाटी. पानं जरा मलूल, पण बोंडं फुटलेली, पांढरीशुभ्र. मी बघतच राहिले. चाचांनी सोबत फडक्यात बांधलेला दही-भाताचा डबा दिला आणि बाबांनी पाठ करून घेतलेला निरोप एका दमात म्हणून दाखवला. "तेरी माँ बोली, पहले पाँच बोंडं वेच. झाड उभं पायजे. फिर दही-भात तू खा, उपाशी पेपर को जाना नई. और वो कापूस मेरे पास दे. तेरे बाबा दारव्हा टेसन पे बैठे हैं, शाम तक बैठेंगे."

काय सांगू कमल! परीक्षा, इंग्रजी, लेडीज रूम, सगळं डोक्यातून उडालं. "चाचा, मले खडे पायजेत!" मी फलाटावर ओरडले, चांगली चारचौघांत, "मले" म्हणून. रुळांतल्या खडीचे पाच खडे मीच उचलले. हळद-कुंकवाची पुडी डब्याच्या झाकणात होती. आता झाड उभं कोण धरणार? चाचांनी हिरवा झेंडा काखेत मारला आणि पऱ्हाटी दोन्ही हातांनी सरळ धरून उभे राहिले. "पूरब उधर है," तेच म्हणाले, आणि झाडासकट वळले. हमाल जमले, चहावाला किटली ठेवून आला, दोन बाया तर हात जोडून उभ्या राहिल्या. मी नव्या पातळाची ओटी बांधली, नमस्कार केला आणि पहिलं बोंड वेचलं.

आणि तिथंच घोटाळा केला. दहा वर्षं वेचणी केलेला हात तो, थांबतो होय! पाचाची सहा झाली, सात झाली, मी आपली सरासर वेचत सुटले. "बस बेटी, बस! पाँच बोले थे!" चाचा ओरडले तेव्हा झाडावर उमललेलं एक बोंड उरलं नव्हतं आणि ओटी भरली होती. आजूबाजूचे हसले, मीही हसले, आणि हसता हसता असा हुंदका आला की विचारू नको. पाच बोंडांचा कापूस डब्याच्या फडक्यात बांधून चाचांना दिला. बाकीचा ओटीतच राहिला. दही-भात उभ्या उभ्या खाल्ला. पऱ्हाटी चहावाल्याच्या टपरीशी ठेवली आणि पळत सुटले.

पेपरला दहा मिनिटं उशीर. सरांनी चष्म्यावरून वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या केसांत पाचोळा, पातळावर कापसाचे तंतू, ओटी फुगलेली. "हे काय आहे?" "कापूस आहे सर." "परीक्षेला?" मी म्हणाले, "हो सर, आज आमची वेचणी आहे." ते काय समजले देव जाणे, पण त्यांनी बस म्हणून खूण केली. मी तसा पेपर पुन्हा कधी लिहिला नाही. पेन नुसतं धावत होतं.

बाबा खरंच संध्याकाळपर्यंत दारव्ह्याच्या स्टेशनावर बसून होते, भाकरी बांधून. कापसाचं फडकं घेऊन ते बंडीनं गावी गेले, दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं तो कापूस वावरात नेऊन ठेवला, आणि वेचणी लागली. पाऊस आलाच नाही. आला असता तर मी आज कोणत्या तोंडानं हे लिहिलं असतं?

पऱ्हाटी मी मावशीच्या अंगणात नळापाशी लावली. मावशी म्हणाली, "जगते कायची!" पण जगली. दिवाळीपर्यंत तिच्यावर आणखी तीन बोंडं फुटली.

दिवाळीला घरी गेले तर काकू दारातच. मी जरा बिचकत पाया पडले. ती म्हणाली, "तुही माय नुसती उपटून पाठवून राह्यली होती. मुया तुटल्या असत्या ना! म्या खंदली. मातीसगट. उभ्या झाडाचाच वेचा लागते, पडल्या झाडाचा नाई." मी तिच्याकडे बघतच राहिले. सुमनला पुढे कर म्हणणारी काकू पहाटे कुदळ घेऊन वावरात गेली होती, कारण करायचंच तर रीतीनं करायचं. मी तिच्या गळ्यात पडले. "व्हय तिकडे, पातय चुरगयते," म्हणाली, पण सोडलं नाही मला.

मग बाबांबरोबर वावरात गेले. पहिल्या तासात सगळ्या पऱ्हाट्या ओळीनं उभ्या, आणि पहिलीच जागा रिकामी. खड्डा तसाच. मी म्हटलं, "बाबा, हे बुजवलं नाही?"

"कायले बुजवू? ते झाड यवतमाळले शिकून राह्यलं."

कमल, त्याला तीन वर्षं झाली. दर साली त्या जागी पऱ्हाटी लावतात आणि दर साली ती काढून गाडीत बसवतात. चाचा आता विचारत नाहीत, दिसली की पूर्वेला वळून उभे राहतात. मी पाचच वेचते, मोजून. तू विचारतेस आठवण येते का. पूर्वी मला वाटायचं की घर एका जागी असतं आणि आपण त्याच्यापासून लांब जातो. आता तसं वाटत नाही. माझं घर मातीसकट उठून साडेनऊच्या गाडीनं येतं. तुझंही येईल बघ, तुझ्या मायला सांग.

आता मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात घरी धीर करून सांगितलं, की पुढे एम.ए.ला नागपूरला जायचं म्हणते. काकूनं पान लावायचं थांबवलं. बाबा मायकडे बघायला लागले. माय भाकरी थापत होती, ती तिनं आधी तव्यावर टाकली, हात झटकले आणि मग विचारलं,

"नागपूरच्या गाडीले गार्ड असते ना वं?"