पाणी बघणारे चाचा

चिकलठाण्यात कापड रंगवायच्या एका कारखान्यासाठी मी प्रोग्राम लिहिला होता. कापडाचं वजन टाकलं की रंगाच्या पाण्यात सोडा किती घालायचा, ते तो सांगायचा. तिथले रंगारी चाचा मात्र रोज सकाळी हौदाजवळ उकिडवे बसायचे, तळहातावर पाणी घेऊन साबणाचा तुकडा चोळायचे आणि किती फेस येतो ते बघत राहायचे; फेस कमी, तर पाणी जड.

"आज बोअरचं पानी हाय साब, लई जड. तुमचा सोडा पुरणार नाय."

सोड्याचं सूत्र बदलायचं तर मला घरी जाऊन अख्खा प्रोग्राम पुन्हा कंपाइल करून, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवून, आणावा लागे. तोवर टँकर येऊन हौदातलं पाणीच बदललेलं असे. एकदा मी वैतागलो, तर चाचा हसले. "तुम्ही हिसाब घरून पकवून आणता. पानी तर इथं आल्यावर कळतं ना?"

ते मला लागलं. कित्येक महिने खपून मी पडद्यावर एक रिकामी चौकट केली. तिच्यात कुणीही सूत्र लिहावं, आणि चालत्या प्रोग्रामनं ते तिथल्या तिथं वाचून उत्तर द्यावं. दाखवायला धावत गेलो, तर चाचा काम सोडून गावी गेले होते.

त्या चौकटीत अजून कुणी काही लिहिलेलं नाही. सगळे माझं जुनंच सूत्र चालवतात. तिथं गेलो की मी हौदाजवळ बसतो, तळहातावर साबण चोळतो. फेस येतो. पाणी जड की हलकं, ते विचारायला कुणी नाही.