गिरिजाचे दोन सीझन

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या मराठी मंडळात गिरिजाकाकूंना सगळे ओळखतात ते त्यांच्या उंचीमुळे. पाच फूट अकरा इंच. नाटकाला त्या पुढे बसल्या की मागून कोणीतरी हळूच म्हणतं, "काकू, जरा खाली सरकता का?" काकू सरकत नाहीत, सरळ उठून शेवटच्या रांगेत जाऊन बसतात. आज अडुसष्ट वर्षांच्या असलेल्या या बाई एके काळी पगार घेऊन बास्केटबॉल खेळत, हे मात्र मंडळात फारच थोड्यांना ठाऊक आहे.

वडील, पांढरीपांडे सर, नागपूरहून पीएच.डी.साठी इकडे अमेरिकेत आले तेव्हा गिरिजा चार वर्षांची होती. चौदाव्या वर्षी तिला वडिलांच्या डोक्यावरून पलीकडचं दिसू लागलं आणि घरी येणाऱ्या मावश्या-काकूंना तिच्या लग्नाची काळजी लागली. "जरा वाकून चालावं गं," त्या म्हणायच्या. शाळेच्या जिममध्ये मात्र खेळाच्या बाई ओरडायच्या, "हात वर! अजून वर!" गिरिजाला तिथेच बरं वाटायचं.

१९७९ साली ती गणित घेऊन पदवीधर झाली. बायकांची पहिली व्यावसायिक लीग नुकतीच सुरू झाली होती आणि आयोवातल्या एका टीमने तिला बोलावलं.

"म्हणजे नोकरी?" आईने, शोभाताईंनी, विचारलं.

"हो, आई."

"आणि काम काय?"

"रिंगला आपटून परत येणारा बॉल पकडायचा."

शोभाताई म्हणाल्या, "थंडी मरणाची असते तिकडे. लोकरीचे मोजे जास्तीचे ने."

पहिला सीझन दगदगीचा गेला, पण मजेत. प्रेक्षक दोन-तीनशे. गावोगाव जायची व्हॅन मुलीच आळीपाळीने चालवायच्या. गिरिजाची रूममेट मिसिसिपीची डार्लीन. अंगाने लहानखुरी, पण बॉल हातात आला की वाऱ्यासारखी. मोटेलच्या खोलीत डार्लीन तिला पायांची चाल शिकवायची. गिरिजा तिच्याकडून तिच्या अर्धवट राहिलेल्या डिग्रीचं गणित करून घ्यायची.

दुसऱ्या वर्षी टीमला नवा मालक आला. मुली देखण्या दिसल्या तर तिकिटं खपतील, असं त्याच्या डोक्यात आलं. त्याने बसायचं-चालायचं शिकवायला एक बाई नेमली. मेकअप झाला, टाचांचे बूट झाले, शेवटी स्पॉन्सरबरोबर फोटो काढायची वेळ आली. बाई म्हणाल्या, "गिरिजा, तू गुडघे थोडे वाकवून उभी राहा. स्पॉन्सर उंचीला कमी आहेत."

"मग त्यांना स्टूल द्या," गिरिजा म्हणाली.

डार्लीन खो खो हसली. मालकाला हसू आलं नाही. दोघींना सहा मॅच न खेळवता बेंचवर बसवलं.

पहिल्या दोन मॅच गिरिजा आतल्या आत धुमसत होती. तिसरीत मात्र तिच्या ध्यानात आलं, की समोरची बारा नंबरची मुलगी उजवीकडे वळण्याआधी दर वेळी डाव्या हाताने बॉल एकदाच आपटते. इतकी वर्षं धावताना असं काही कधी दिसलंच नव्हतं. तिने कोचला सांगितलं. कोचने खांदे उडवले. मग टाइमआउटमध्ये तिने आपल्या जागी खेळणाऱ्या मुलीच्या कानात सांगितलं आणि त्या मुलीने बारा नंबरचे पुढचे तीन शॉट अडवले. कोच वळून बघत राहिला. पुढच्या मॅचला तो स्वतःच तिच्या शेजारी येऊन बसला. "आज काय दिसतंय?"

सातव्या मॅचला दोघी परत कोर्टवर उतरल्या. पण वसंत येता येता लीगच बंद पडली. एका सकाळी प्रॅक्टिसला गेल्या तर हॉलला कुलूप. दोघी पायरीवर बसल्या.

"आता गं?" डार्लीनने विचारलं.

"शाळेत शिकवीन. जमलं तर मुलींची टीम घेईन."

न्यू जर्सीला परत येऊन ती तेहतीस वर्षं गणित शिकवत राहिली आणि टीमही सांभाळली. तिच्याकडे बेंचवरची मुलगी कधी रिकामी नसायची. प्रत्येकीने समोरची एक खेळाडू निवडायची, तिची खोड शोधायची आणि मॅच संपली की सांगायची. राज्याची ट्रॉफी टीमला एकदाही मिळाली नाही. गिरिजाला त्याचं वाईट वाटलं, पण झोप उडण्याइतकं नाही. मधल्या काळात तिने सौमित्रशी लग्न केलं. तो तिच्यापेक्षा चार इंचांनी बुटका, आणि त्याला त्याचं काहीच नव्हतं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये डार्लीनचा फोन आला. "आयोवाला येतेस? जितक्या उरलोय तितक्या भेटू."

नऊ जणी जमल्या. जुन्या हॉलचं आता फर्निचरचं दुकान झालंय. डार्लीन वॉकर ढकलत सोफ्यांमधून हिंडली, तर गिरिजा छताच्या तुळया मोजत मोजत एका कपाटापाशी थांबली.

"मॅडम, काही शोधताय का?" विक्रेत्याने विचारलं.

"रिंग इथे होती," ती म्हणाली. "या कपाटाच्या बरोबर वर."

त्याला काही कळेना. मग नऊ जणींनी मिळून त्याला सगळं सांगितलं, एकमेकींना खोडून काढत. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्याने सगळ्यांना कॉफी आणून दिली आणि म्हणाला, "बसा हवं तितका वेळ."

त्या बसल्या. गेलेल्या तिघींची नावं निघाली, नातवंडं निघाली, गुडघ्यांची ऑपरेशनं निघाली. बोलता बोलता डार्लीनला एका मोठ्या आरामखुर्चीत डुलकी लागली. गिरिजाने स्वतःचा कोट तिच्या पायांवर टाकला आणि बाकीच्या आवाज खाली आणून बोलत राहिल्या.