जवाईबापूंचा गाविलगड

वऱ्हाडात पाहण्यासारखं असं एकही ठिकाण नाही, जिथे आमच्या जवाईबापूंनी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजले नाहीत. आणि असंही एक ठिकाण नाही, जे त्यांनी आम्हाला धड पाहू दिलं. हे मी रागाने लिहिते आहे असं वाटत असेल तर बरोबर वाटतं आहे. नरनाळा, सालबर्डी, मुक्तागिरी, चिखलदरा, लोणार, कुठलंही नाव घ्या. इथे वांग्याची भाजी तिखटजाळ झाली होती, इथे वरणात राख पडली होती, इथे पत्रावळी वाऱ्यावर उडाल्या आणि त्यांच्यामागे आमचे हे धावले, असं सगळं मी तारखेवार सांगेन. किल्ला कसा होता, लेणी कशी होती, ते मात्र मला विचारू नका. अकोल्याच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला, आणि तो इतिहास जिथे घडला तिथे जाऊन कणीक तिंबली.

जवाईबापू म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. शेंदूरजनाघाटला त्यांचा संत्र्यांचा बगीचा आहे. माणूस आडव्या अंगाचा, आवाज बगीच्याच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यापर्यंत जाणारा, आणि खांद्यावर बारमाही एक दुपट्टा. दर हिवाळ्यात त्यांचा फोन यायचा, "वहिनी, पोट्ट्यायले सुट्ट्या लागल्या न? मंग निंगा." आणि आम्ही निघायचो. गाडीत सगळ्यात आधी त्यांची दोन पोती चढायची आणि उरलेल्या जागेत माणसं. एका पोत्यात रानगोवऱ्या. विकतच्या गोवरीवर त्यांचा भरवसा नव्हता. रानात आपोआप वाळलेली गोवरी ते स्वतः वेचून आणत, आपण माठ वाजवून घेतो तशी बोटाने वाजवून पाहत, आणि मनासारखी वाजली नाही तर तिथेच टाकून देत. दुसऱ्या पोत्यात वांगी, तीही चांदूर बाजारच्या बाजारातली. गहू दळताना चक्कीवाल्याच्या शेजारी उभं राहून पिठाची चिमूट जिभेवर ठेवत आणि सांगत, "रव्याच्या अलीकडं आन् कणकीच्या पलीकडं पायजे, बावा." चक्कीवाला म्हणे त्यांना लांबून येताना पाहिलं की चक्की बंद करून जेवायला जायचा.

आता कोणी म्हणेल, एवढा त्रास होता तर बोलला का नाहीत? ज्याने हा प्रश्न विचारला त्याला आमच्या सासूबाई ठाऊक नाहीत. साऱ्या गल्लीला धाकात ठेवणारी ती बाई जावयापुढे पाण्याहून पातळ व्हायची. "जवाईबापूचं मन मोडाचं नाही," हा घरातला कायदा होता. जावई म्हणाले रोडगे, तर रोडगे. जावई म्हणाले असते की दगड उकडू, तर सासूबाईंनी मला दगड धुवायला लावले असते, आणि तेही दोन पाण्यांनी.

ठिकाणावर उतरलं की जागा शोधण्यात पाऊण तास जायचा. चिमूटभर माती उडवून ते वारा बघायचे, चूल तीनदा हलवायचे. मग गोवऱ्या रचून पेटवायच्या, त्या जळून निखारा पडायची वाट पाहायची, तोवर मी आणि नणंदेने घडीवर घडी घालून गोळे वळायचे. ते निखाऱ्यात गेले की दीड तास तिथून हलायचं नाही. एखादं पोर म्हणायचं, तोवर वर जाऊन येऊ का? त्यावर जवाईबापू मान वर न करता सांगायचे, "वर काई नाही. म्या पायलं सगळं. दगडं आहेत. रोडगे झाल्याबरोबर सगळेच जाऊ." आणि रोडगे झाल्याबरोबर काय व्हायचं? तुपात बुडवलेले चार चार रोडगे पोटात गेलेला माणूस गड चढतो का? सगळे जिथल्या तिथे आडवे व्हायचे. उठेपर्यंत ऊन कललेलं, आणि वळणावळणाचा रस्ता उजेडात उतरायला हवा म्हणून गाडी परत. लोणारला त्यांनी काठावरूनच तळ्याला हात जोडले. मुक्तागिरीला पायऱ्या पाहून म्हणाले, "देव वर आहे तसा खाली बी आहे," आणि खालच्याच एका बगीच्यात, ओळखीच्या माणसाकडे, गोवऱ्यांचं पोतं सोडलं.

पण एक सांगायला पाहिजे, नाही तर मी खोटी ठरेन. रोडगा झाला की तो ते आपल्या दुपट्ट्याने पुसत, राखेचा कणसुद्धा राहू देत नसत, मुठीने फोडून त्यात तूप इतकं ओतत की खाणाऱ्याच्या कोपरापर्यंत ओघळ यायचा. आणि मला तिखट सोसत नाही म्हणून दर सहलीत ते एका छोट्या गंजात माझी भाजी वेगळी शिजवत. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. पहिल्या सहलीत मी पाणी पीत पीत जेवले ते त्यांनी पाहिलं असावं. आमच्या ह्यांना माझं तिखटाचं कळायला पुढे अकरा वर्षं लागली. त्या छोट्या गंजामुळे मला त्यांच्यावर नीट चिडतासुद्धा यायचं नाही, आणि त्याचा आणखी वेगळा राग यायचा.

माझं खरं दुखणं गाविलगडचं. पाठ्यपुस्तकात त्या किल्ल्यावर दोन ओळी होत्या आणि चित्र नव्हतं. आतल्या दरवाज्यावर गंडभेरुंड कोरला आहे, दोन तोंडांचा पक्षी, एवढं मी कुठेतरी वाचलं होतं. मला तो पाहायचा होता. आयुष्यात मी सोनं मागितलं नाही, काश्मीर मागितलं नाही; घरापासून चार तासांवरचा एक दगडी पक्षी मागितला. किल्ला चिखलदऱ्याला लागूनच, आणि चिखलदऱ्याला आम्ही नऊ वेळा गेलो. नवऱ्याला म्हटलं, आपण दोघंच जाऊ एकदा, ते म्हणाले, "अन् जवाईबापूले कळलं तं?" शाळेची सहल गेली तेव्हा मला आठवा महिना होता. शेवटी मी जवाईबापूंनाच विचारलं, पक्षी दिसतो कसा? त्यांनी हातातली काडी ठेवली आणि झकास वर्णन केलं. "एक धड, दोन माना. दोन्ही तोंडं एकामेकाकडं वळलेले. सासू-सून भांडून राहिल्या असं वाटते." शेजारी सासूबाई बसल्या होत्या, त्यांनाही ते पटलं. मी तो तसाच फळ्यावर काढू लागले, समोरासमोर चोची असलेला. पोरं दरवर्षी हसायची. त्यानंतर माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या पोरांच्या वहीत तो पक्षी आहे.

एकदा मात्र मी निघाले होते. जवाईबापू वारा बघत होते, सासूबाईंचा डोळा लागला होता, नणंद वांगी चिरत होती. मी चप्पल घातली आणि मुकाट्याने चालू लागले. पहिल्या दरवाज्याच्या कमानीखाली पोचले, आत गार अंधार होता, पलीकडे गवतातून वाट वर जाताना दिसत होती. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरासारखी मी चोरपावलाने पुढे सरकले. आणि मागून तो आवाज आला, "वहिनीऽऽ, कणीक कोन तिंबते?" पाठोपाठ सासूबाईंचा. मी वळून पाहिलं. जवाईबापू गाडीजवळ उभे होते, हात कमरेवर, आणि पुढे काही येत नव्हते. बोलवायला माणूस चार पावलं तरी पुढे येतो. ते जागचे हलले नाहीत. मला तो उर्मटपणा वाटला. मी परत आले आणि कणीक अशी तिंबली की परातीला पोचा आला. रात्री घरी येऊन ह्यांना म्हटलं, तुमचे जावई मेल्याशिवाय मला तो पक्षी दिसायचा नाही. ह्यांनी दिवा मालवला.

दोन वर्षांपूर्वी जवाईबापूंना नागपूरला दवाखान्यात न्यावं लागलं. नणंद एकटी पडेल म्हणून मी गेले. चहाचा थर्मास घेऊन खोलीत शिरले तेव्हा डॉक्टर विचारत होते, "चढलं की दम लागतो, हे कधीपासून?" मला वाटलं, म्हणतील दोन महिन्यांपासून. जवाईबापू छताकडे बघत म्हणाले, "बारा वर्षांचा होतो तवापासून." नणंदेने मान खाली घातली.

बाहेरच्या बाकावर तिने सगळं सांगितलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि त्यात काळजाची एक झडप खराब झाली. सपाटीवर काही नाही, पण चढ लागला की छाती भरून यायची. लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या आईने पोराला शपथ घातली होती की सासुरवाडीत हे कधी कळू द्यायचं नाही, फसवून पोरगी केली म्हणतील. "मले लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सांगतलं त्यायनं," नणंद म्हणाली. "मंग तुमी सगळे फिराले जाचं म्हणा. नाही म्हटलं तं काहून म्हणून विचारसान. आन् हे एकटे खाली बसले तं सगळ्यायच्या ध्यानात येईन. म्हणून मंग हेच पयले फोन करत, आन् ते रोडगे."

मला दया यायला हवी होती. मला राग आला. एका माणसाला चढता येत नव्हतं म्हणून नऊ माणसांना खाली बसवून ठेवलं. एक शब्द बोलले असते तर मीच खाली थांबून त्यांच्याजवळ बसले असते, मग पाळीपाळीने गेलो असतो. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, खोटं बोलू नकोस. सासूबाईंनी त्या शब्दाचं काय केलं असतं ते तुला ठाऊक आहे. तेही खरं होतं. खोलीत गेले तेव्हा ते डोळे मिटून होते. मी चहा ओतून ठेवला आणि बाहेर आले.

ऑपरेशन नीट झालं. सासूबाई आता नाहीत. या हिवाळ्यात माझ्या सुनेने चिखलदऱ्याचा बेत काढला. ती पुण्याची, चालायची हौस असलेली, पायात बूट घालून तयार. जवाईबापूंना धूर वर्ज्य, म्हणून चूल मी मांडली. किल्ल्याजवळ आता जाळ करता येत नाही, तेव्हा अलीकडच्या एका वावरात मालकाला विचारून बसलो. माझ्या गुडघ्यांची तर दोन वर्षांपासून वाटच लागली आहे. दहा पायऱ्या म्हणजे मला गाविलगडच. तरी हे मी सुनेला सांगितलेलं नव्हतं. कोणाला सांगायला आवडतं? मी वारा बघून गोवऱ्या रचल्या. सून म्हणाली, "आई, तुमचं होईपर्यंत मी किल्ला बघून येऊ?"

मी मान वर न करता म्हणाले, "अगं, ऊन केवढं आहे. वर आहे काय, दगडं. रोडगे झाल्याबरोबर सगळेच जाऊ."

बोलून झाल्यावर मला ते ऐकू आलं. जवाईबापू झाडाखाली सतरंजीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यांकडे. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, पण मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "जाऊ द्या वहिनी तिले."

मी हातातली गोवरी खाली ठेवली. सुनेला म्हटलं, "मला चढवत नाही गं. तू जा. आतल्या दरवाज्यावर एक पक्षी आहे, तो नीट बघून ये." एवढं वाक्य बोलायला मला दोन वर्षांपासून जमत नव्हतं. ती गेली. आमचे हेही तिच्यामागे गेले, नणंदही गेली, आणि जाताना तिने दोनदा वळून पाहिलं. मागे आम्ही दोघंच राहिलो.

गोवऱ्या जळून निखारा पडला, मी गोळे वळून त्यात घातले. मग जवाईबापू म्हणाले, "म्या नाही पायला तो पक्षी."

"कळलं मला," मी म्हटलं.

"अंदाजानं सांगतलं होतं."

तासा-दीड तासाने सून घामेजून परत आली आणि तिने मोबाइल माझ्या हातात दिला. तो पक्षी मला मोबाइलवर कधीही बघता आला असता. हट्टाने बघितला नव्हता. बघायचा तर तिथे उभं राहून, असं ठरवलं होतं. आता पाहिला. एक धड, दोन माना, आणि दोन्ही तोंडं एकमेकांकडे पाठ करून, एक इकडे, एक तिकडे. इतकी वर्षं मी पोरांना चुकीचा पक्षी शिकवला होता. मी मोबाइल जवाईबापूंच्या पुढे धरला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, दुपट्ट्याने पुसला, आणि खूप वेळ पाहिलं. मग सुनेला विचारलं, "केवढाक आहे?" तिने दोन्ही हात पसरून दाखवलं.

"मले लहान वाटला होता," ते म्हणाले.

एवढ्यात करपल्याचा वास आला. फोटोच्या नादात रोडग्यांकडे कोणाचंच लक्ष राहिलं नव्हतं. एका बाजूने पार काळे झाले होते. जवाईबापू उठले, मी नको नको म्हणत असताना दुपट्टा हाताला गुंडाळून त्यांनी एकेक बाहेर काढला, काळं खरवडलं, मुठीने फोडला आणि पहिला माझ्या ताटात ठेवला. भाजी त्या दिवशी मीच केली होती आणि छोटा गंज आणायचा विसरले होते. त्यांनी घास घेतला, थांबले, आणि म्हणाले, "तिखट झाली, वहिनी. तुमाले सोसाची नाही." मी म्हटलं, खाते मी, आणि पाणी पीत पीत जेवले.