टिसिंग्टनच्या वाटेवर पुढची सीट माझी

मे महिन्यात लंडनमध्ये हॅरोला मुलाकडे आलं की पहिला आठवडा नातीचे लाड, दुसरा आठवडा मेथीच्या शोधात, आणि तिसऱ्या आठवड्यात मुलाला वाटायला लागतं की आईबाबांना कुठेतरी न्यायला हवं. यंदा मंदारने नकाशा थेट नाश्त्याच्या टेबलावर पसरला.

"हाफ-टर्मच्या सुट्टीत डर्बीशायरला जाऊया. जुनी रेल्वेलाइन होती, ती बंद झाली. रूळ काढून तिचा रस्ता केलाय. मोटारी नाहीत, चढ नाहीत. नुसती सायकल चालवायची."

आमची नात इरा आठ वर्षांची. वर्गातल्या सगळ्या मुलींना सायकल येते आणि तिला येत नाही, हे त्या घरातलं तेव्हाचं सगळ्यात मोठं दुःख होतं. ती ताटलीतल्या टोस्टकडे बघत म्हणाली, "मी नाही येणार. मी पडते."

"नाही पडणार," मंदार म्हणाला. "मला आजोबांनी शिकवलं, तुलाही तेच शिकवतील. त्यांच्याइतकं छान कोणी शिकवत नाही. हो ना बाबा?"

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

वाचकहो, आता तुम्हाला सांगायलाच हवं. आमच्या ह्यांना सायकल येत नाही. कोकणातलं खाडीकाठचं गाव, तिथे होडी येते, पोहणं येतं, सायकल नाही. पुढे पाटबंधारे खात्यात लागले ते थेट सरकारी जीपमध्ये मागच्या सीटवर. मंदार सात वर्षांचा असताना कॉलनीत रोज संध्याकाळी कॅरिअर धरून त्याच्यामागे पळायचे आणि सूचना द्यायचे: समोर बघ, खाली बघू नकोस, पाय थांबवू नकोस. पोरगा शिकला. शिकवणाऱ्याला येतं का, हे कोणी विचारलंच नाही. मंदारने शाळेत 'माझे बाबा' या निबंधातही बाबांनी सायकल शिकवली असं लिहिलं, आणि मग तर सांगायची सोयच उरली नाही.

मी चहाचे कप उचलून स्वयंपाकघरात गेले तसे हे मागोमाग आले.

"तूच काहीतरी कर."

"पाय मुरगळला म्हणून सांगा."

"खोटं बोलू? कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकवलं का तुला?"

कॉन्व्हेंटमध्ये मला बरंच काही शिकवलं. नागपूरच्या उन्हात, निळ्या स्कर्टवर, मी रोज सायकलने शाळेत जायचे. फाटकापाशी सिस्टर उभ्या असायच्या. कोणी मैत्रिणीला कॅरिअरवर बसवून आणलं तर दोघींना वर्गाबाहेर उभं करायच्या, म्हणून आम्ही कोपऱ्याअलीकडेच मैत्रिणीला उतरवायचो. त्यामुळे खोटं न बोलता वेळ मारून नेणं मला लहानपणापासून जमतं. मी मंदारला एवढंच म्हटलं, "आम्हाला दोघांना मिळून एक सायकल घे. ती लांब, जोडीची असते ना, टॅन्डम. या वयात जरा हौस."

मंदारला ते फार गोड वाटलं. सून केतकीला ऑफिसातून सुट्टी नव्हती, तिने फोटो काढून आणा म्हणून कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला.

हॅरोहून एम-वन या मोटरवेने उत्तरेला निघालात की डर्बीच्या बाजूला वळायचं आणि तिथून अ‍ॅशबोर्न. थांबत थांबत चार तास धरा, बँक हॉलिडेची सार्वजनिक सुट्टी असेल तर देवाचं नाव घ्या. गावातल्या साध्या बी अँड बीमध्ये, म्हणजे नाश्त्यासकट खोली देणाऱ्या घरात, राहिलो. सकाळी पोटभर नाश्ता मिळतो, शाकाहाऱ्यांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर मश्रूम आणि टोमॅटो वाढून देतात. गावाची जिंजरब्रेड प्रसिद्ध आहे. ह्यांनी एक तुकडा खाऊन, "सुंठ जरा कमी पडली," असा शेरा दिला.

सायकली गावाबाहेर वाटेच्या तोंडाशीच भाड्याने मिळतात. ओळखपत्र न्या, आणि टॅन्डम हवी असेल तर आधी फोन करा, कारण त्या थोड्याच असतात. मंदारची सायकल आणि इराची छोटी सायकल दिल्यावर दुकानातल्या बाईंनी आमची टॅन्डम बाहेर काढली आणि पुढची सीट ह्यांच्या मापाने वर करायला घेतली.

"मॅडम इन फ्रंट," हे घाईने म्हणाले.

बाईंनी भुवया उंचावल्या. मंदार म्हणाला, "बाबा, तुम्ही पुढे बसा ना. आईला कशाला हँडल?"

"मागे बसलं की मला गाडी लागते," मी म्हटलं.

"सायकल लागते?"

"तुझ्या आईला काहीही लागतं," हे म्हणाले आणि पटकन मागे चढून बसले.

सुरुवातीलाच एक लांब बोगदा आहे. आत गार, ओलसर, आणि ह्यांच्या सूचनांचा दुप्पट आवाज. "डावीकडे. हळू. आता सरळ." तीस वर्षं ड्रायव्हरला सूचना दिलेला माणूस मागे बसला की काय होतं ते मी त्या दिवशी पाठीवर झेललं. त्यात मागच्या हँडललाही घंटी होती. आपल्याकडे घंटीचा अर्थ 'मी आलो'. तिथे ती अगदी हळू, एकदाच, माफी मागितल्यासारखी वाजवायची असते. आमचे हे माणूस दिसलं की वाजवायचे. माणसं, कुत्री, बाबागाड्या झुडपात शिरायच्या, आणि वर माणसं आम्हालाच सॉरी म्हणायची.

"अहो, पुरे."

"नियमाने चाललोय मी."

ही वाट सगळ्यांची आहे. चालणारे, सायकलवाले, घोडेवाले. कॅनडातली माझी भाची म्हणते की त्यांच्याकडे अशाच जुन्या रेल्वेवाटेवर हिवाळ्यात बर्फावरच्या मोटारगाड्या धावतात. इथे सगळ्यात वेगवान गोष्ट म्हणजे एक तपकिरी घोडा होता, आणि त्याच्यासमोरही घंटी वाजली. घोड्याने कान मागे केले. वरच्या बाईंनी जे केलं त्याला इंग्लंडात रागावणं म्हणतात: त्या आमच्याकडे बघून नुसत्या हसल्या. त्यानंतर घंटी बंद झाली.

'चढ नाहीत' हे मंदारचं म्हणणं मनावर घेऊ नका. बोगद्यानंतर थोड्या वेळाने एक ओढा लागतो. तिथला रेल्वेपूल पाडून टाकलाय, त्यामुळे वाट एकदम खाली उतरते आणि तशीच वर चढते. आम्ही उतरून ढकलत गेलो, तुम्हीही तसंच करा. इराने तिथे आपली सायकल गवतात टाकली. तोवर ती दर दहा पावलांवर पाय टेकत आली होती. एक पाच वर्षांचा इंग्रज मुलगा शीळ घालत तिच्या बाजूने पुढे गेला, आणि तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. तिथून ती सायकल हाताने ढकलत चालली.

टिसिंग्टनचं जुनं स्टेशन आता सहलीच्या बाकड्यांची जागा आहे. फलाटाच्या कडेला रानफुलं माजलीत. आम्ही चिवडा काढला. गाव दोन मिनिटांवर, तिथे बदकांचं तळं आहे आणि चहाही चांगला मिळतो. इराने काही खाल्लं नाही.

मंदार उठला आणि आपली सायकल ह्यांच्यासमोर उभी केली. "बाबा, आता तुम्हीच. माझी सायकल घ्या आणि तिला घेऊन पुढे जा. मी आईबरोबर टॅन्डमवर येतो."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं. मग ते उठले, मंदारची सायकल हातात धरून चालायला लागले. "चल ग इरा, जरा पाय मोकळे करू." दोघं आपापल्या सायकली ढकलत वळणाआड गेली. मी मंदारला म्हटलं, "मी फुलांचा फोटो घेऊन येते," आणि काटेरी झुडपांच्या आडून मागे गेले. फोटो मी घेतला. एक.

"आजोबा, तू चालव ना," इरा म्हणत होती. "मी बघते तू कसा करतो."

"मला येत नाही."

"काय?"

"सायकल. मला कधीच आली नाही."

"बट यू टॉट बाबा."

"मी मागे पळालो. चालवली त्याने."

इराने बराच विचार केला. "मग तू कधी पडला नाही?"

"बसलोच नाही, तर पडणार कसा?"

ती फिस्सकन हसली. सकाळपासून पहिल्यांदा. ह्यांनी मंदारची सायकल कुंपणाला टेकवली, पँट मोज्यात खोचली आणि तिच्या सीटमागे हात धरला.

"मला विचारल्याशिवाय सोडायचा नाही," ती म्हणाली.

"मी कधीच न विचारता सोडत नाही. लोक न विचारता सोडतात, म्हणूनच तर मी कधी बसलो नाही."

मग सुरू झालं. "सोडू?" "नको." "बरं." पुन्हा थोडं पळणं. "सोडू?" "नको." "बरं." सहासष्ट वर्षांचा माणूस, मोज्यात खोचलेली पँट, आणि दर थोड्या पावलांनी तोच प्रश्न, त्यात कुठेही घाई नाही. थांबले, दम खाल्ला, परत पळाले. शेवटी ती ओरडली नाही, नुसतं म्हणाली, "सोड." ह्यांनी सोडलं.

ती गेली. पुढे जाऊन वळली, माझ्या झुडपाजवळून आणि थेट मंदारच्या समोरून. "बाबा, आजोबाला सायकल येत नाही," हे तिने जाता जाता सांगितलं. नातवंडांना गुपित सांगताना ते साधारण एवढंच टिकेल असं धरावं.

मंदार हसला. मग त्याने मागून चालत येणारे बाबा बघितले, घामाने डबडबलेले, त्याची सायकल ढकलत.

"बाबा, खरंच?"

"खरंच."

"मग कॉलनीत रोज..."

"पळायचो."

मंदारने चिवड्याचा डबा उघडला, बंद केला. "किती हळू शिकलो मी," तो म्हणाला. "महिनाभर तुम्हाला पळवलं असेल."

"दीड," हे म्हणाले. "तू फार नको नको म्हणायचास."

मंदारने पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग माझ्याकडे वळला. "आई, तुला माहीत होतं."

"मला मागे बसलं की गाडी लागते," मी म्हटलं.

पुढचा रस्ता 'पार्स्ली हे' नावाच्या ठिकाणापर्यंत हळूहळू चढत जातो, दोन्हीकडे दगडी बांध, मेंढ्या, आणि हार्टिंग्टनला जुनी सिग्नलची केबिन. पूर्ण वाट तेरा मैलांची आहे. इरा सबंध वेळ आमच्या पुढे होती आणि दर फाटकापाशी थांबून आम्हाला "कम ऑन" म्हणत होती. परतीला उतार आहे, म्हणून माझा सल्ला: अ‍ॅशबोर्नहूनच निघा, म्हणजे दमल्यावर वाट तुम्हाला आपोआप घरी आणते. जाड पँट घाला, वाऱ्याचं जाकीट न्या, आणि दुसऱ्या दिवशी बसायचं काम ठेवू नका.

हॅरोला परत आल्यावर मी विचार करत होते की एवढ्या लांब जाऊन आपण काय आणलं. जिंजरब्रेडचा एक पुडा, शंभरेक फोटो, त्यातले बरेचसे मेंढ्यांचे. मला पुढची सीट आवडली, हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पण मांड्या दुखायच्या थांबल्यावरही ते राहिलंय. आणि इराने शाळेत काहीतरी सांगितलं असावं, कारण पुढच्याच आठवड्यात तिच्या दोन मैत्रिणी आपापल्या आयांना आणि सायकलींना घेऊन जवळच्या बागेत हजर झाल्या. आता हे रोज संध्याकाळी पँट मोज्यात खोचून जातात. सुरुवातीलाच आयांना स्पष्ट सांगतात, "आय मस्ट टेल यू, आय कॅनॉट राइड." त्या खो खो हसतात. काय मिश्किल गृहस्थ आहेत, असं त्यांना वाटतं. इतकी वर्षं जपलेलं गुपित हे आता रोज सांगत सुटलेत, आणि कोणी म्हणून विश्वास ठेवत नाही.